स्मरणाची नोंद ठेवणारा अवयव : हिप्पोकॅम्पसची रचना व कार्य

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, रुग्णसेवेचा आढावा आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने एखादा आरोग्यविषयक लेख देण्याचा प्रघात आम्ही पाळत आलो आहोत. यंदाच्या लेखासाठी मेंदूतील एक लहानसा भाग आम्ही निवडला आहे. त्याचे नाव हिप्पोकॅम्पस.

या निवडीमागे एक कारण आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील गावोगावचे कुटुंबीय आपल्या वडीलधाऱ्यांना घेऊन रुग्णालयात येतात, तेव्हा एक तक्रार वारंवार कानी पडते : “आबांना पन्नास वर्षांपूर्वीचे सारे आठवते. कोणाच्या लग्नाला किती बैलगाड्या गेल्या, विहिरीला पाणी किती हातांवर लागले, हे ते बिनचूक सांगतात. मग तासाभरापूर्वी जेवल्याचे त्यांना कसे आठवत नाही? ते सोंग तर करीत नाहीत ना?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे मात्र अनेक घरांत वृद्धांवर अकारण राग काढला जातो, आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. हे उत्तर हिप्पोकॅम्पसच्या रचनेत व कार्यात दडलेले आहे.

स्मरण आणि नोंद

विषयाचे मर्म कळावे म्हणून प्रथम आपल्याच खानदेशातील दोन उदाहरणे घेऊ.

जळगावजवळील आसोदे हे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर. त्यांना अक्षरओळख नव्हती. घरकाम करताना, शेतात राबताना त्यांच्या ओठी गाणी येत आणि ती त्यांच्या स्मरणातच राहत. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी आणि एक आप्त यांनी त्यांतील काही गाणी कागदावर टिपून ठेवली. बहिणाबाईंच्या निधनानंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. जी गाणी टिपली गेली ती उरली. जी टिपली गेली नाहीत ती त्यांच्याबरोबर गेली.

दुसरे उदाहरण धुळ्याचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे व कागदपत्रे मिळवली. १९२६ च्या अखेरीस धुळे येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. अशा कोणत्याही संग्रहात कागदाइतकीच किंमत नोंदीची असते. आलेला कागद कोठून आला, कोणत्या काळचा, कोणत्या बासनात ठेवला, याची नोंद करणारा जाणकार नसेल तर कागद असूनही सापडत नाही.

हिप्पोकॅम्पसचे काम या नोंद करणाऱ्या जाणकारासारखे आहे. तो स्मृतींचे कायमचे कोठार नाही. दिवसभरात डोळे, कान, नाक, त्वचा यांच्याद्वारे येणाऱ्या अनुभवांना एकत्र बांधून त्यांची पहिली नोंद करणे आणि पुढे त्या मेंदूच्या पृष्ठभागावरील विस्तृत थरात, म्हणजे बाह्यकात, स्थिरावण्यास मदत करणे, हे त्याचे प्रमुख कार्य होय.

स्थान व रचना

मानवी मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत, कानाच्या वरच्या बाजूस, आतल्या अंगाला जो भाग येतो त्यास शंखखंड म्हणतात. या शंखखंडाच्या अंतर्भागात, मेंदूतील द्रवाच्या पोकळीच्या तळाशी हिप्पोकॅम्पस वसलेला असतो. एक उजवीकडे व एक डावीकडे अशी ही जोडी असते. प्रत्येकाची लांबी साधारण ४ ते ५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीएवढी, आणि आकारमान सुमारे ३ ते ३.५ घन सेंटिमीटर असते. सुमारे सव्वा ते दीड किलो वजनाच्या मेंदूत हा वाटा अगदीच अल्प आहे.

त्याचे नाव एका जलचरावरून पडले. सोळाव्या शतकात, १५८७ च्या सुमारास, इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ आरांझी यांना हा वळणदार अवयव घोडामाशासारखा दिसला. ग्रीक भाषेत या माशाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. तेच नाव पुढे रूढ झाले.

हा अवयव आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता पेशींच्या दोन वळलेल्या पट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, जणू दोन अर्धचंद्र समोरासमोर अडकवून ठेवावेत. त्यांतील एक पट्टी दातेरी दिसते, म्हणून तिला दंतुर पट्टी म्हणता येईल. दुसऱ्या पट्टीचे शास्त्रज्ञांनी सीए-१ पासून पुढे क्रमाने विभाग पाडले आहेत. सामान्य वाचकाने ही नावे लक्षात ठेवण्याची आवश्यकता नाही. माहितीचा मार्ग तेवढा ध्यानी घ्यावा. बाह्यकाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली माहिती प्रथम हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावरील एका पट्ट्यात जमा होते. तेथून ती दंतुर पट्टीत, मग सीए-३ विभागात, मग सीए-१ विभागात जाते आणि शेवटी पुन्हा बाह्यकाकडे परतते. दंतुर पट्टी मिळत्याजुळत्या अनुभवांतील फरक वेगळा काढते, म्हणूनच कालचा बाजार आणि आजचा बाजार यांची आपल्या मनात गल्लत होत नाही. सीए-३ मधील पेशी एकमेकींशी दाट जोडलेल्या असल्यामुळे अनुभवाचा एखादा धागा हाती आला की संपूर्ण प्रसंग उभा राहतो. वांगी भाजल्याचा वास आला आणि थंडीतली शेतावरची भरीत-पार्टी आठवली, तर ती किमया बहुतांशी येथील.

अनुभव पेशींत नेमका टिकतो कसा? १९७३ साली ब्लिस व लोमो या दोन शास्त्रज्ञांनी सशांवरील प्रयोगांत असे दाखविले की, हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या जोडांना एकदा जोरकस चेतना दिली की तो जोड पुढे दीर्घकाळ अधिक बळकट राहतो. शेतातून पुन्हा पुन्हा चालल्याने पाऊलवाट पडावी, तसा हा प्रकार आहे. झोपेत हिप्पोकॅम्पस दिवसभरातील अनुभवांची जणू उजळणी करतो, हेही पुढील संशोधनातून दिसून आले. पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला आणि वृद्धाला पुरेशी झोप हवी असे आम्ही सांगतो, ते यासाठीच.

एका शस्त्रक्रियेने दिलेला धडा

हिप्पोकॅम्पसचे कार्य जगाला कळले ते एका दुर्दैवी रुग्णामुळे. अमेरिकेतील हेन्री मोलेसन यांना अपस्माराचे तीव्र झटके येत. कोणत्याही औषधाने ते थांबेनात, तेव्हा १९५३ साली वयाच्या २७ व्या वर्षी डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रिया करून त्यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग व लगतचा भाग काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले. परंतु नव्या घटना लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. भेटून गेलेली व्यक्ती थोड्या वेळाने परत आली तर ती त्यांना नवखीच वाटे. बालपणीच्या गोष्टी मात्र आठवत होत्या, भाषा शाबूत होती आणि बुद्धीही मंदावली नव्हती.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९५७ साली स्कोव्हिल व मिलनर यांनी प्रसिद्ध केलेला शोधनिबंध स्मृतिशास्त्रात पायाभूत मानला जातो. त्यांचे नाव गुप्त ठेवण्यात आले होते. २००८ साली ८२ व्या वर्षी मृत्यू झाल्यानंतरच ते प्रकट झाले.

मिलनर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवावयास दिली. दिवसेंदिवस त्यांचा हात सुधारत गेला, परंतु हे काम आपण पूर्वी कधी केले आहे याची त्यांना आठवण नसे. हाताचे कौशल्य आणि घटनांची आठवण यांची व्यवस्था मेंदूत वेगवेगळी आहे, हे त्यावरून सिद्ध झाले.

आपल्या घरांतही याचा प्रत्यय येतो. ज्या आजींना आज कोणता वार आहे हे सांगता येत नाही, त्यांच्या हातांना पुरणाचे मांडे हातावर फिरवून खापरावर टाकण्याची कला कित्येकदा अवगत राहते. पोथीतील ओव्या, लग्नातील गाणी, पूजेचा क्रम यांचेही तसेच आहे. वर्षानुवर्षांच्या सरावाने ही शिकवण मेंदूच्या इतर भागांत रुजलेली असते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आबांच्या जुन्या आठवणी बाह्यकात केव्हाच स्थिरावल्या आहेत. दप्तरे जागेवर आहेत आणि ती उघडता येतात. दुबळा झाला आहे तो नोंद करणारा. आज सकाळच्या जेवणाची नोंदच झाली नाही, म्हणून ते आठवत नाही. ते सोंग करीत नाहीत. “आत्ताच तर जेवलात” असे दहा वेळा बजावल्याने न झालेली नोंद होत नाही. त्यांच्या वाट्याला फक्त अपमान येतो. प्रसंग विसरला तरी अपमानाची बोच मात्र काही काळ मनात राहू शकते, कारण भावनांचे केंद्र हिप्पोकॅम्पसच्या शेजारी असले तरी वेगळे आहे.

वाट दाखविणारा नकाशा

हिप्पोकॅम्पसचे दुसरे कार्य म्हणजे दिशा व स्थान यांचे भान. १९७१ साली जॉन ओ’कीफ व त्यांचे सहकारी यांना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी आढळल्या की, उंदीर विशिष्ट जागी आला की विशिष्ट पेशीच चेतते. २००५ साली मे-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांच्या गटाने हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावरील पट्ट्यात जाळीसारखी मोजपट्टी आखणाऱ्या पेशींचा शोध प्रसिद्ध केला. या तिघांना २०१४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लंडनमधील टॅक्सीचालकांना शहरातील हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. जन्मभर ज्या बांधावरून शेतात गेले, त्याच बांधावर एखादे आजोबा चुकतात, हे विसरभोळेपणाचे लक्षण नव्हे. मेंदूतील नकाशा पुसट होत असल्याची ती खूण असू शकते. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव यांसारखी रेल्वेची मोठी स्थानके ज्या प्रदेशात आहेत, तेथे घराबाहेर पडलेला वृद्ध चुकून गाडीत बसला तर काही तासांत शेकडो किलोमीटर दूर जाऊ शकतो. म्हणून अशा व्यक्तीच्या सदऱ्याच्या खिशात, पातळाच्या पदराला किंवा हातातील कड्यावर नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक असावा, असा आमचा आग्रह असतो.

हिप्पोकॅम्पसला इजा कशाने होते

हा भाग जितका उपयुक्त तितकाच नाजूक आहे. प्राणवायू वा साखर यांचा पुरवठा तुटला की मेंदूतील ज्या पेशींना सर्वांत आधी धोका पोहोचतो, त्यांत सीए-१ विभागातील पेशींची गणना होते. त्या ताबडतोब मरत नाहीत. पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी नष्ट होतात. हृदयक्रिया काही मिनिटे थांबून वाचलेल्या रुग्णास पुढे स्मरणदोष राहतो, त्याचे एक कारण हे आहे.

मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेऊन उपवास करणाऱ्यांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एकादशी, श्रावण वा नवरात्र यांच्या आधी अशा रुग्णांनी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. अपस्माराचा झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर तो आपत्कालीन प्रसंग समजावा आणि रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात आणावे. कांदा वा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये. ताप, डोकेदुखी आणि अचानक भ्रमिष्ट वागणे हे एकत्र दिसले तर मेंदूज्वराची शंका घ्यावी. नागिणीच्या विषाणूंच्या गोत्रातील हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू शंखखंडावरच विशेष घाला घालतो आणि त्यावरील औषध जितके लवकर मिळेल तितके मेंदूचे नुकसान टळते. दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्यांत ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावी हिप्पोकॅम्पसशी जोडलेल्या केंद्रांना इजा होते आणि नव्या आठवणी बनणे थांबते.

उतारवयातील सर्वांत मोठे कारण मात्र अल्झायमरचा आजार होय. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. या आजारात विकृत प्रथिने साचून पेशी मरतात आणि आरंभीच ज्या भागांना झळ पोहोचते, त्यांत हिप्पोकॅम्पस व त्याचा उंबरठा यांचा समावेश आहे. म्हणूनच नव्या गोष्टींचा विसर हे बहुधा पहिले लक्षण असते. भारतात साठी ओलांडलेल्या व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असावेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून पुढे आला.

येथे एक आशेची बाब आवर्जून सांगितली पाहिजे. विसर पडणारा प्रत्येक वृद्ध अल्झायमरचा रुग्ण नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम, रक्तातील सोडियम कमी होणे, किंवा पडल्यानंतर कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त यांमुळेही विसर पडतो, आणि ही कारणे बहुतांशी उपचारांनी दूर होतात किंवा आटोक्यात येतात. तपासणीच झाली नाही तर असा बरा होणारा रुग्णही “म्हातारचळ” या एका शब्दाखाली कायमचा झाकला जातो.

केव्हा तपासणी करावी

चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वयानुसार स्वाभाविक आहे. पुढील गोष्टी आढळल्यास मात्र तपासणी करून घ्यावी :

१. तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारणे आणि उत्तर मिळाल्याचे स्मरण नसणे.
२. ओळखीच्या रस्त्यावर, गल्लीत वा शेतात वाट चुकणे.
३. जेवण वा औषध घेतल्याचा विसर पडून ते दोनदा घेणे किंवा मुळीच न घेणे.
४. पैशांच्या नेहमीच्या व्यवहारात नव्याने चुका होणे.
५. वस्तू भलत्याच जागी ठेवून घरच्यांवर चोरीचा आळ घेणे.
६. काही दिवसांत वा आठवड्यांत अचानक वागणूक बदलणे. अशा वेळी विलंब मुळीच करू नये.

येताना रुग्णाच्या सर्व औषधांची पाकिटे आणि रोज सोबत राहणारी व्यक्ती बरोबर असावी. रुग्णाला स्वतःच्या विसराची जाणीव नसते, त्यामुळे सून, मुलगी वा शेजारी यांनी सांगितलेली हकिकत निदानाला फार उपयोगी पडते.

घरी काय करावे

स्मृतिभ्रंश समूळ बरा करणारे औषध आजही नाही. परंतु त्याची शक्यता कमी करणे आणि रुग्णाचे जीवन सुसह्य करणे आपल्या हाती आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली १४ जोखमीची कारणे सांगितली आणि ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल असा अंदाज दिला. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, उपचार न केलेला बहिरेपणा व दृष्टिदोष, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, एकाकीपणा आणि बालपणी शिक्षण न मिळणे यांचा त्यात समावेश आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कानाचे यंत्र, दुचाकीवरील शिरस्त्राण आणि मुलीचे शिक्षण या गोष्टी मेंदूच्या आरोग्याशी अशा रीतीने निगडित आहेत.

रुग्ण घरी असेल तर दिनक्रम एकसारखा ठेवावा. मोठ्या अक्षरांची दिनदर्शिका व घड्याळ समोर असावे. प्रश्न पुन्हा आला तर उत्तर पुन्हा शांतपणे द्यावे. “मी कोण, ओळखा बरे?” अशी परीक्षा घेण्याऐवजी “आबा, मी तुमची नात, जळगावहून आले” असे आपणच सांगावे. हात जे काम विसरलेले नाहीत ते त्यांना करू द्यावे : शेंगा सोलणे, वाती वळणे, धान्य निवडणे. जुन्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकाव्यात व लिहून ठेवाव्यात. सोपानदेवांनी आईची गाणी टिपली, म्हणून ती आज आपल्यापाशी आहेत. सांभाळ करणाऱ्या व्यक्तीलाही विसावा मिळाला पाहिजे. हा भार घरातील एकाच स्त्रीवर पडू नये. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय साहाय्यवाणी १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

विश्वस्त व देणगीदारांस निवेदन

रुग्णालयास देणगी म्हटली की यंत्र वा इमारत डोळ्यांसमोर येते, आणि त्यांची गरज आहेच. परंतु स्मृतीच्या रुग्णाची पहिली तपासणी यंत्राने होत नाही. शांत खोली, अर्धा-पाऊण तास आणि वृद्धाचे बोलणे न तोडता ऐकून घेणारा प्रशिक्षित माणूस, एवढी तिची सामग्री आहे. त्यानंतर रक्ताच्या काही तपासण्या आणि जरूर असेल तेथे मेंदूचे चित्रण लागते. हा खर्च ज्यांना परवडत नाही, त्यांच्या बाबतीत आपले द्रव्यसाहाय्य थेट उपयोगी पडते. कारण बरा होणारा विसर आणि बरा न होणारा विसर यांतील निवड त्यावरच अवलंबून असते.

करंगळीएवढा हा अवयव क्षीण झाला की माणसाचा आजचा दिवस त्याच्या हातून निसटतो. त्या दिवसाची नोंद ठेवण्याची जबाबदारी तेव्हा भोवतालच्या माणसांवर येते. आपल्या सर्वांच्या सहकार्याने ती आम्ही यथाशक्ती पार पाडू, असा विश्वास येथे व्यक्त करतो.